‘फोटोत काही निघाले नाही’ : कण्याच्या दाहक संधिवातात पुनःप्रतिमेचे प्रामाण्य

कंबरदुखीसाठी मौद्यासारख्या तालुक्याच्या गावाहून नागपुरास आलेला रोगी आपली हकीकत बहुधा एका ठराविक वाक्याने संपवितो : ‘फोटो काढला, पण फोटोत काही निघाले नाही.’ क्ष-किरण चित्र असो की चुंबकीय अनुनादाने घेतलेली छबी (एम.आर.आय.) असो, लोकभाषेत दोन्ही ‘फोटो’च. या वाक्यातील ‘निघणे’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. विहिरीला पाणी निघते तसे शरीरातून दुखण्याचे कारण निघेल, आणि आज निघाले नाही तर आणखी चार हात खणल्यावर निघेल, अशी काहीशी कल्पना त्यामागे असते. ही कल्पना केवळ अशिक्षितांची आहे असे मात्र नाही. पहिली छबी नकारार्थी आली आणि संशय कायम राहिला, तर काही महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी, हा सल्ला तज्ज्ञांच्या लेखनातही आढळतो. त्याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. आमचे म्हणणे असे की, ‘पुन्हा’ या एका शब्दाखाली परस्परभिन्न अशा अनेक कृती एकत्र झाल्या आहेत. संशोधनाने मोजमाप केले ते त्यांतील एकीचे, आणि नेमकी तीच सर्वांत कमी फलदायी ठरली.

ज्या रोगाचा येथे विचार आहे तो पूर्वी ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या नावाने ओळखला जाई. कणा बांबूसारखा ताठ झालेला वाकलेला मनुष्य हे त्याचे जुन्या पाठ्यपुस्तकांतील चित्र होय. अलीकडे त्याच्या आरंभीच्या अवस्थांसह त्याला ‘अक्षीय स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस’ असे व्यापक नाव मिळाले आहे. दुखणे पंचेचाळिशीच्या आत, बहुधा ऐन विशीत, नकळत सुरू होते. विश्रांतीने ते कमी होत नाही, हालचालीने होते. उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळी अर्धा तास तरी कंबर आखडलेली राहते. त्रिकास्थी आणि श्रोणिफलक यांमधील सांधा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा, हे त्याचे पहिले घर. येथे त्याला ‘त्रिक-सांधा’ म्हणू. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ६.७ वर्षे जातात, असा जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्याचे दुखणे विसाव्या वर्षी सुरू झाले त्याची शिक्षणाची, नोकरी शोधण्याची आणि लग्नाची वर्षे नेमकी या विलंबात जातात. पुनःप्रतिमेचा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हे.

प्रतिमेला इतके महत्त्व का आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६१ साली रोम येथे, १९६६ साली न्यूयॉर्क येथे आणि सुधारित रूपात १९८४ साली या रोगाचे निकष ठरले. १९८४ च्या निकषांत क्ष-किरण चित्रातील त्रिक-सांध्याची झीज ही अनिवार्य अट होती. दोन्ही बाजूंस किमान दुसऱ्या प्रतीची, किंवा एका बाजूस तिसऱ्या प्रतीची. अशी झीज दिसण्यास अनेक वर्षे लागत असल्याने प्रतीक्षा अटळ होती. त्या काळात ‘पुन्हा फोटो काढा’ या सल्ल्याचा अर्थ ‘हाड खराब होईपर्यंत थांबा’ असाच होता, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. परंतु ते असत्य नाही.

बरे, थांबून मिळणारा पुरावा तरी निःसंदिग्ध होता काय? २००३ साली नेदरलँड्समधील एका अभ्यासात १०० क्ष-किरणतज्ज्ञ आणि २३ संधिवाततज्ज्ञ यांच्यापुढे त्रिक-सांध्याची चित्रे ठेवण्यात आली. वाचनात बरीच तफावत आढळली, आणि विशेष प्रशिक्षण दिल्यानंतरही ती फारशी सुधारली नाही. पुढे जर्मनीतील पाहणीत, ज्यांच्या चित्रात आरंभी पुरेशी झीज नव्हती अशांपैकी ११.६ टक्के रोगी दोन वर्षांत निकषात बसले. फ्रान्समधील पाहणीत मात्र पाच वर्षांअंती हे प्रमाण निव्वळ ५.१ टक्के निघाले. यातील ‘निव्वळ’ हा शब्द वाचकांनी जपून ठेवावा. पुढे गेलेल्यांतून मागे आलेले वजा करून तो आकडा काढलेला आहे. झिजलेले हाड काही रोग्यांत ‘पूर्ववत’ झाले, याचा अर्थ हाड सुधारले असा क्वचितच असतो. वाचणाऱ्याची नजर बदलली असाच तो बहुधा असतो. थोड्या अवधीनंतर घेतलेले दुसरे क्ष-किरण चित्र रोगाची गती कमी आणि वाचकाची चंचलता अधिक दाखविते. रोगाच्या देखरेखीसाठीदेखील ही चित्रे दोन वर्षांच्या आत पुन्हा घेऊ नयेत, असे २०१५ च्या युरोपीय शिफारशींत म्हटले आहे, ते यास्तव योग्यच होय. तरुण रोग्याच्या कटिभागावर पुनःपुन्हा किरणे टाकण्याचा दोष तर वेगळाच.

चुंबकीय छबीने हे चित्र पालटले. हाड झिजण्यापूर्वी सांध्यालगतच्या अस्थिमज्जेत जी सूज येते, म्हणजे ज्याला शोफ म्हणतात, तो तिच्यात दिसतो. २००९ साली आंतरराष्ट्रीय ‘आसास’ मंडळाने नवे निकष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांहून अधिक काळ कंबरदुखी, आरंभ पंचेचाळिशीच्या आत, छबीत त्रिक-सांध्याचा दाह आणि रोगाचे आणखी एक लक्षण, अशी त्यांची एक शाखा, आणि एच.एल.ए.-बी २७ हा जनुकीय गुणधर्म व आणखी दोन लक्षणे अशी दुसरी. छबी केव्हा होकारार्थी मानावी याचीही व्याख्या झाली : एकाच छेदात अनेक ठिकाणी शोफ, किंवा एकच ठिपका असल्यास तो सलग दोन छेदांत.

हे निकष वर्गीकरणाचे आहेत, निदानाचे नव्हेत. संशोधनासाठी एकजिनसी रोगी निवडावेत म्हणून ते रचले गेले. समोरच्या रोग्यास हा रोग आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी नव्हे. मंडळाने हे स्वतः वेळोवेळी सांगितले आहे. तरीही व्यवहारात अहवालातील ‘आसास निकषानुसार होकारार्थी’ हे शब्द निदानाच्या जागी जाऊन बसतात. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर लक्षणाच्या दोषांपैकी दोन येथे लागू पडतात, अव्याप्ती आणि अतिव्याप्ती. रोग असून शोफ न दिसणे ही अव्याप्ती, आणि रोग नसून शोफ दिसणे ही अतिव्याप्ती. पुनःप्रतिमेचा सगळा विचार आजवर अव्याप्तीच्या भयाने झाला आहे. अतिव्याप्तीचे भय त्यात फार उशिरा शिरले.

प्रथम अव्याप्तीकडे पाहू. लायडनच्या ‘स्पेस’ या रोगीसमुदायावर आधारलेला बाकर व सहकाऱ्यांचा २०१९ चा प्रबंध हा या विषयातील सर्वांत थेट अभ्यास म्हणावा लागेल. अल्पकालीन कंबरदुखीच्या तरुण रोग्यांच्या त्रिक-सांध्यांच्या छब्या आरंभी, तीन महिन्यांनी आणि एक वर्षाने घेण्यात आल्या. आरंभी नकारार्थी असलेल्यांपैकी पुढे होकारार्थी झालेले थोडेच निघाले. उलट काहींची होकारार्थी छबी नकारार्थी झाली. छबी कधीतरी होकारार्थी येईल की नाही हे ठरविणाऱ्या गोष्टी दोन : बी २७ आणि लिंग. बी २७ असलेल्या पुरुषांत ती शक्यता बरीच, बी २७ नसलेल्या स्त्रियांत अत्यल्प. २०१८ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनीही थोड्या अवधीनंतरची छबी बी २७ असलेल्या पुरुषांतच उपयुक्त ठरते, असाच निष्कर्ष काढला होता.

या निष्कर्षांचे स्वागत करूनही त्यांच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. या अभ्यासांत मुख्यतः छबी बदलली की नाही हे मोजले गेले. निदान बदलले की नाही, उपचार बदलला की नाही, हे त्या मानाने गौण राहिले. वस्तुतः रोग्याच्या दृष्टीने प्रश्न दुसराच आहे. शिवाय जेथे तज्ज्ञाचे निदान हेच कसोटी म्हणून घेतले जाते, तेथे त्या तज्ज्ञाने छबी अगोदर पाहिलेली असते. छबीच्या साहाय्याने निदान करावयाचे आणि मग त्या निदानाशी छबी जुळते म्हणून छबीची थोरवी गावयाची, हा अन्योन्याश्रय दोष या विषयातील पुष्कळ लेखनात आहे. तीन महिन्यांच्या अवधीविषयीही आमच्या मनात शंका आहे. हा अवधी रोगाच्या गतीवरून ठरला असे वाटत नाही. तो पाहणीच्या भेटींचे वेळापत्रक ठरविणाऱ्यांचा अवधी आहे. दुसरे असे की, दोन छब्यांच्या दरम्यान रोग्याने दाहशामक औषध पूर्ण मात्रेत घेतले असेल तर शोफ काही अंशी उतरू शकतो. एक छबी औषध चालू असताना आणि दुसरी बंद असताना घेतली, तर त्यांची तुलना तुलना राहत नाही.

आणखी एक. ‘पुरुषांत उपयुक्त’ हे वाक्य ‘स्त्रियांस हा रोग होत नाही’ असे वाचले जाण्याचा धोका मोठा आहे. स्त्रियांत हाडाची झीज कमी दिसते आणि निदानास विलंब अधिक होतो, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. छबी त्यांच्या बाबतीत कमी बोलते; म्हणून त्यांच्या बाबतीत इतर पुराव्याकडे अधिक लक्ष द्यावयाचे, की त्यांना यादीतून वगळावयाचे? दुसरी गोष्ट करणे सोपे आहे, म्हणूनच ती होते.

इतर पुरावा म्हणजे काय आणि त्याचे वजन किती, याचा हिशेब रुडवालाइट व सहकाऱ्यांनी २००४ साली मांडला होता, आणि तो आजही अभ्यसनीय आहे. तज्ज्ञाकडे आलेल्या जुनाट कंबरदुखीच्या १०० रोग्यांत हा रोग ५ जणांस असतो, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्येक लक्षणास त्यांनी एक गुणक दिला : दाहक स्वरूपाच्या कंबरदुखीस ३.१, टाचदुखीस ३.४, दाहशामक औषधाने स्पष्ट उतार पडण्यास ५.१, बी २७ असण्यास ९.० आणि होकारार्थी चुंबकीय छबीसही ९.०. म्हणजे ज्या रक्ततपासणीचे उत्तर जन्मभर बदलत नाही, जी आयुष्यात एकदाच करावयाची, तिचे वजन आणि छबीचे वजन या हिशेबात सारखेच आहे.

आता कल्पना करा की मौदा तालुक्यातील धानशेती करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण आहे. कंबरदुखी दाहक स्वरूपाची, टाच दुखते, गोळीने उतार पडतो आणि बी २७ आहे. ५ टक्क्यांपासून आरंभ करून गुणाकार करीत गेल्यास, त्यास हा रोग असण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या घरात जाते. हा गुणाकार लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानतो, आणि ती तशी पूर्णपणे नसतात. तेव्हा दोन-चार टक्के उतरवून घ्यावेत. तरीही या तरुणाची पहिली छबी नकारार्थी आली म्हणून त्यास ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ असे सांगणे म्हणजे हाती आलेला निर्णय एका साक्षीदाराच्या मौनासाठी लांबणीवर टाकणे होय. उपचारास आरंभ करावयाचा आणि वर्षभराने छबी घ्यावयाची तर अवश्य घ्यावी. पण निदान तिच्यावर अडवून ठेवू नये.

आता दुसरी बाजू. ज्याच्या कंबरदुखीत दाहाचे एकही लक्षण नाही, अशाची छबी होकारार्थी आली, तर ५ टक्क्यांची शक्यता वाढून ३२ टक्के होते. म्हणजे तिघांत दोघांस हा रोग नसतो. येथेही गुणकावर विसंबून चालत नाही. २०१८ साली डी विंटर व सहकाऱ्यांनी निरोगी अशा ४७ जणांच्या छब्या पाहिल्या. ‘आसास’ व्याख्येनुसार त्यांतील ११ होकारार्थी निघाल्या, म्हणजे २३.४ टक्के. त्याच अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या, पण हा रोग नसलेल्या ४७ जणांत मात्र ३ च. रोग असलेल्या शंभरांत नव्वदांची छबी होकारार्थी येते असे धरले, तर पहिल्या गटाशी तुलना केल्यास वरील ३२ टक्क्यांचे १७ होतात, आणि दुसऱ्याशी केल्यास ४३. तुलनेचा गट बदलताच उत्तर दुपटीहून अधिक बदलते! ज्या मापाची पट्टी इतकी ताणली जाते त्या मापाने एकदा मोजले काय आणि दोनदा मोजले काय.

दोनदा मोजण्याविषयी एक भ्रम विशेष प्रचलित आहे. पहिली छबी होकारार्थी, दुसरीही होकारार्थी, तेव्हा आता खात्री झाली, असे मानले जाते. ९ ला पुन्हा ९ ने गुणल्यास ३२ टक्क्यांचे ८१ होतात खरे, परंतु तो गुणाकार येथे करताच येत नाही. सांधा तोच, शरीर तेच, श्रम तेच, आणि शोफ श्रमाने आला असेल तर श्रम चालू असेपर्यंत तो दुसऱ्या छबीतही राहणारच. न्यायालयात एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदविल्याने दोन साक्षीदार होत नाहीत. उलट दिशेने पाहिले तर दर तपासणीस दहांत एक खोटा होकार मिळत असेल आणि तपासण्या स्वतंत्र असतील, तर तिसऱ्या तपासणीपर्यंत एकदा तरी खोटा होकार मिळण्याची शक्यता २७ टक्के होते. ‘काहीतरी निघेपर्यंत’ छब्या काढीत राहणे ही पद्धत रोग शोधण्याची नसून रोग निर्माण करण्याची आहे.

श्रमाने शोफ येतो, हा तर्क नव्हे. बेल्जियममधील २२ नव्या सैनिकांच्या छब्या सहा आठवड्यांच्या कडक कवायतीपूर्वी आणि नंतर घेण्यात आल्या. पूर्वी ९ जणांत आणि नंतर ११ जणांत शोफ आढळला, आणि यांपैकी कोणी रोगी नव्हता. हौशी धावपटूंत आणि बर्फावरील हॉकीच्या निष्णात खेळाडूंत डॅनिश संशोधकांना तीसपासून चाळीस टक्क्यांपर्यंत असेच आढळले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत तर बहुसंख्य स्त्रियांत तो दिसतो. पुढील सहा महिन्यांत तो पुष्कळसा ओसरतो. काहींत मात्र वर्षभरही रेंगाळतो.

कन्हान नदीच्या काठचा मौदा परिसर हा धानाचा. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाया दिवसचे दिवस त्याच स्थितीत असतात. बेल्जियन सैनिकाच्या सहा आठवड्यांच्या कवायतीचा धाक ज्या संशोधकांना वाटला, त्यांनी रोवणीचा एक हंगाम पाहावयास हवा होता. या परिसरातील अठ्ठावीस वर्षांच्या, आठ महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या आणि रोवणीहून परतलेल्या एका काल्पनिक स्त्रीची त्रिक-सांध्याची छबी आश्विनात घेतली आणि ती होकारार्थी आली, तर त्या होकारास किती अर्थ आहे? आमच्या मते, पुनःप्रतिमेस खरा अर्थ प्राप्त होतो तो अशाच ठिकाणी. पण तेथे ती पुन्हा घ्यावयाची ती काही ‘निघावे’ म्हणून नव्हे, तर दिसलेले नाहीसे होते काय हे पाहण्यासाठी. श्रमाचा हंगाम संपल्यावर, बाळंतपणास वर्ष उलटल्यावर, दाहशामक औषध काही काळ थांबवून घेतलेली छबी जर स्वच्छ आली, तर एका तरुण स्त्रीवरील आजन्म रोगाचा शिक्का पुसला जाईल. संशोधनाने या दिशेची पुनःप्रतिमा फारशी मोजलेली नाही. नकाराचा होकार होतो काय, हाच प्रश्न सर्वत्र विचारला गेला.

अतिव्याप्तीचे भय आपल्याकडे अधिक असण्यास आणखी कारण आहे. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांस, म्हणजे १८.२ टक्के लोकांस, सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते. कण्याच्या दाहक संधिवाताचे प्रमाण मात्र हजारी एकाच्या आसपास. महाराष्ट्राच्या खेड्यांतील दुखण्याची ही मोजदाद फार मोलाची आहे. रुडवालाइट यांचे १०० त ५ हे तज्ज्ञाच्या दारी पोहोचलेल्यांचे प्रमाण. गावच्या रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्यांत ते त्याहून पुष्कळ कमी असणार. आरंभीची शक्यता जेवढी कमी, तेवढा छबीचा होकार पोकळ.

‘पुन्हा’ या शब्दातील आणखी एक घोटाळा सांगितला नाही तर हा विचार अपुरा राहील. आपल्याकडे ज्यास पुनःप्रतिमा म्हणतात ती पुष्कळदा पहिलीच योग्य प्रतिमा असते. कंबरदुखीच्या रोग्याच्या पिशवीत जो ‘एम.आर.आय.’ असतो तो सामान्यतः कटिकण्याचा असतो. त्यात मणक्यांमधील चकत्यांचे वर्णन सविस्तर येते, ‘चकती किंचित फुगलेली’ हे वाक्य तर येतेच येते; परंतु त्रिक-सांधा त्या छेदांच्या कडेला कसाबसा येतो, किंवा येतच नाही. त्रिकास्थी तिरपी असल्याने तिच्या कलाला समांतर असे छेद मुद्दाम घ्यावे लागतात. २०२४ साली आंतरराष्ट्रीय सहमतीने यासाठी चार छबीमालांचा नमुना ठरविण्यात आला. तीन मालिका त्या कलाला समांतर आणि एक तिला आडवी. कटिकण्याची छबी ‘नकारार्थी’ म्हणून त्रिक-सांध्याची छबी घेण्यास जो वैद्य संकोच करतो, तो एकदाही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजतो. ही छबी पुन्हा नव्हे, प्रथमच घ्यावयाची आहे. तिच्याबाबत काटकसर करण्याचे कारण नाही.

याउलट, योग्य छबी अगोदर झालेली असेल, तर नवी घेण्यापूर्वी तीच अनुभवी वाचकाकडून दुसऱ्यांदा वाचून घेणे अधिक हितावह. शोफ येतो आणि जातो. हाडाची कुरतड आणि मज्जेतील मेदाचे ठिपके सहसा एवढ्या लवकर जात नाहीत. वाचणाऱ्याचे लक्ष केवळ चमकणाऱ्या शोफावर खिळले असेल, तर शेजारच्या मालिकेतील कुरतड त्याच्या नजरेतून निसटते. पुनर्वाचनास रोग्याची मजुरी बुडत नाही, त्यास नागपूरची खेप पडत नाही. पाठावर पुनःपुन्हा परिश्रम करण्याची सवय असलेल्या विद्यापीठीय वाचकास हे निराळे सांगावयास नको. नवी पोथी मिळविण्याच्या खटपटीपूर्वी हाती असलेली पोथी नीट लावावी, हा आपला जुना शिरस्ता आहे.

विदर्भातील वैद्यास आणखी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही, आणि युरोपातील निबंधांत तिला अर्थातच स्थान नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल सेल गुणधर्माविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून या प्रदेशातील त्या रोगाचे मोठे प्रमाण सर्वज्ञात आहे. सिकल सेलच्या रोग्यात अस्थिमज्जेचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील छबीतील छटा पालटते. सांध्यालगत असा भाग मृत झाला तर तो दाहाचा शोफ म्हणून वाचला जाऊ शकतो, आणि मांडीच्या हाडाच्या डोक्याचा क्षय झाला तर दुखणे नितंबातही जाणवू शकते. अशा रोग्याची छबी सहा महिन्यांनी पुन्हा घेतल्याने काय साधणार? विद्राव्यतेची साधी आणि स्वस्त रक्तचाचणी अगोदर व्हावयास हवी. तसेच क्षयरोगाचे. एकाच बाजूचा सांधा, ताप, वजनात घट आणि सांध्याबाहेरील स्नायूंत पसरलेली सूज, असे दिसले तर तीन महिन्यांची वाट पाहणे हा अपराध ठरेल. तेथे छबी लवकर घ्यावी, पण तिच्यावर न थांबता सुईने द्रव वा ऊतक काढून जंतू शोधावेत.

क्षयाचा उल्लेख दुसऱ्याही कारणाने आवश्यक आहे. या संधिवातावरील टी.एन.एफ.-रोधक औषधे सुप्त क्षयास जागे करतात. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रोग्यांतील क्षयाचे वृत्त २००१ सालीच प्रसिद्ध झाले होते. २०१४ च्या अखेरीस अडॅलिम्युमॅबचे भारतीय जैवसदृश औषध बाजारात आले आणि हा उपचार पूर्वीपेक्षा पुष्कळांच्या आवाक्यात आला. ज्यांस तो खरोखर हवा होता त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. पण औषध महाग होते तोवर चुकीच्या होकारास एक आपोआप अटकाव होता, तो आता सैल झाला आहे. रोवणीच्या श्रमाने आलेल्या शोफावर असे औषध सुरू झाले, तर त्या स्त्रीच्या वाट्यास रोग नसताना रोगाचे नाव, क्षयाचे भय आणि दर पंधरवड्याची सुई, इतके सारे येते.

तेव्हा नागपुरास पाठवावयाच्या चिठ्ठीत ‘एम.आर.आय. पुन्हा’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. पूर्वीची छबी कोणत्या सांध्याची, कोणत्या कलाने आणि कोणत्या महिन्यात घेतली. त्या वेळी औषध चालू होते काय. रोगी कोणते काम करतो. स्त्री असल्यास बाळंतपणास किती महिने झाले. बी २७ आणि सिकल सेलची तपासणी झाली आहे काय. आणि मुख्य म्हणजे नवी छबी काय दिसावे म्हणून किंवा काय नाहीसे व्हावे म्हणून मागितली आहे, हे त्या चिठ्ठीवर असावयास हवे. छबी वाचणाऱ्यास ही माहिती अगोदर द्यावी की वाचनानंतर, याविषयी मतभेद संभवतो. अगोदर दिल्यास नजर कलुषित होते, असे एक मत आहे. संशोधनात ते बरोबर आहे. रुग्णालयात मात्र, आमच्या मते, एकदा माहितीविना आणि एकदा माहितीसह असे दोनदा वाचन करून दोन्हींची नोंद ठेवणे शक्य आहे, आणि त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.